पेरण्यापूर्वी ओळख : घरच्या बागेविषयी वाचकांचे प्रश्न

मृग नक्षत्र तोंडावर आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांची संख्या वाढते. या वर्षीच्या पत्रांतून दोन विषय वारंवार आले आहेत. कोणते बी केव्हा पेरावे हा एक, आणि घरात लहान मूल किंवा मांजर-कुत्रे असताना कोणती झाडे लावावीत हा दुसरा. वरवर पाहता हे विषय वेगळे वाटतात, परंतु आपण जे लावतो त्याचे नाव, कूळ आणि स्वभाव आपल्याला ठाऊक आहे का, या एकाच मुद्द्याशी दोन्ही येऊन थांबतात. म्हणून या वेळी दोन्ही प्रकारची पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारात पिवळ्या कण्हेरीची दोन मोठी झाडे, लाल कण्हेरीचे कुंपण आणि भिंतीलगत आपोआप उगवलेला धोतरा आहे. गेल्या महिन्यात एका तीन वर्षांच्या मुलाने बिट्टीचे फळ तोंडात घातले होते. सुदैवाने त्याने ते चावले नव्हते. तेव्हापासून काही सभासद सगळीच झाडे तोडा म्हणतात, तर काहींना पूजेसाठी फुले हवी आहेत. आम्ही काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्या आवारातील तिन्ही झाडे विषारी आहेत, हे प्रथम स्पष्टपणे सांगतो. मात्र तिघांचा धोका सारखा नाही, त्यामुळे उपायही सारखा असू नये.

सर्वांत जास्त काळजी पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची घ्यावी. तिचे हिरवे, कोनदार फळ पिकल्यावर काळे पडून खाली गळते आणि त्यातील टणक आठळी मुलांच्या हाती लागते. आमच्या लहानपणी अंगणात याच बिट्ट्यांनी खेळ रंगत असत आणि खेळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय घरात यायचे नाही, असा आजीचा सक्त दंडक होता. तिला रसायनांची नावे ठाऊक नव्हती, पण झाड पक्के ठाऊक होते. या आठळीतील बियांमध्ये हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवणारी द्रव्ये असतात. लाल, गुलाबी आणि पांढऱ्या कण्हेरीच्या पानांत, फुलांत, सालीत आणि चिकातही त्याच जातीची द्रव्ये असतात. दोहोंत फरक एवढाच की साध्या कण्हेरीची पाने अतिशय कडू असल्यामुळे मूल ती सहसा थुंकून टाकते, तर बिट्टीचे फळ मुलाला खेळणे वाटते. गुरे कण्हेरीला तोंड लावत नाहीत, म्हणूनच ती महामार्गांच्या दुभाजकांवर रांगेने लावलेली दिसते.

धोतऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या काटेरी फळातील बिया पोटात गेल्यास तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापते, लघवी अडते आणि माणूस असंबद्ध बडबडू लागतो. महाशिवरात्रीला धोतऱ्याचे फूल आणि फळ शंकराला वाहण्याची प्रथा असल्यामुळे अनेक घरांत ते देव्हाऱ्यापाशी ठेवलेले असते, आणि देवापुढची वस्तू म्हणजे प्रसाद अशी मुलांची समजूत असते. या दिवसाबद्दल आपल्या सोसायटीतील सर्वांना आवर्जून सांगावे.

आता कृतीविषयी. भिंतीलगतचा धोतरा फळ धरण्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट उपटावा, कारण एका फळातून शेकडो बिया सांडतात आणि पुढच्या पावसात त्या जागी पुन्हा रान माजते. लाल कण्हेरीचे कुंपण मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असेल तर राहू द्यावे. छाटणी मात्र मुले शाळेत असताना करावी आणि छाटलेल्या फांद्या तिथेच पडू देऊ नयेत. त्या शेकोटीत जाळू नयेत, कारण कण्हेरीचा धूरही अपायकारक असतो. सहलीत कणीस किंवा पनीर भाजण्यासाठी तिच्या काड्या तर कधीच वापरू नयेत. खेळण्याच्या जागेवर फळे गाळणारी पिवळी कण्हेर काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती मोठी झाडे असल्यामुळे महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्र वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागेल. परवानगी मिळेपर्यंत झाडाखालची फळे रोज सकाळी झाडून उचलण्याची जबाबदारी कुणा एकावर सोपवावी. सगळ्यांवर सोपवलेले काम कुणीच करत नाही, आणि येथे तसे होऊन चालणार नाही. पूजेसाठी जास्वंद, पारिजातक आणि गोकर्ण लावल्यास देवालाही फुले मिळतील. गोकर्णाची फुले खाण्यातही वापरतात, पण तिच्या शेंगांतील बिया खाऊ नयेत, एवढे मुलांना सांगून ठेवावे.

याच ओघात आणखी दोन झाडांची नावे घेतो. पहिले चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड. जनावरे खात नाहीत म्हणून शेताच्या आणि शाळांच्या कुंपणाला ते लावलेले असते. त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, आणि मुले एकमेकांना वाटून खातात, म्हणून एकाच वेळी अनेक मुलांना उलट्या-जुलाब होण्याचे प्रसंग घडतात. दुसरी गुंज. सोनाराच्या तराजूमुळे सर्वांच्या ओळखीची असलेली ही लाल-काळी बी अखंड गिळली तर तिच्या कठीण कवचामुळे बहुधा तशीच बाहेर पडते, परंतु चावली गेल्यास किंवा माळेसाठी भोक पाडलेली असल्यास ती अत्यंत घातक ठरते. तिचा पाला विड्यात गोड म्हणून घालतात, म्हणून बीही निरुपद्रवी असेल, असे कुणी समजू नये.

एवढे करूनही एखाद्या मुलाने काही खाल्लेच, तर तोंडातील तुकडे बोटाने काढावेत, चूळ भरायला लावावी आणि झाडाचा पाने-फळांसह तुकडा पिशवीत घालून सोबत घ्यावा. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, आणि विषावर उतारा म्हणून दूध-तूप पाजत बसू नये. किती वाजता आणि साधारण किती खाल्ले, हे कागदावर लिहून घ्यावे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ असून तेथे चोवीस तास सल्ला मिळतो. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक आहे. बिट्टी किंवा कण्हेर खाल्ल्याची शंका असेल तर मूल एक उलटी करून हसत-खेळत असले तरी त्याला रुग्णालयात न्यावे आणि किमान एक दिवस देखरेखीखाली ठेवावे, कारण हृदयावरील परिणाम काही तास उशिरानेही दिसू शकतो.

प्रश्न : दर वर्षी पहिला पाऊस पडताच मी गच्चीवरील कुंड्यांत भेंडी, दोडका, कारले, मिरची आणि झेंडूचे बी टाकतो. निम्मे बी कुजते, आणि जे उगवते त्यातली बरीच रोपे बुंध्याशी कोलमडतात. बी खराब असते की माझे काही चुकते?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बी चांगले असण्याचीच शक्यता अधिक आहे. आपली चूक, तिला चूक म्हणायचे तर, पावसावर जरा जास्त विश्वास ठेवण्याची आहे. शेतकरी मृगात पेरतो तेव्हा त्याच्या जमिनीला उतार आणि खोली असते, त्यामुळे जास्तीचे पाणी मुरून किंवा वाहून जाते. कुंडीत तसे होत नाही. बियाला उगवताना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. मातीच्या कणांमधली सगळी जागा पाण्याने भरली की बी गुदमरते आणि बुरशी त्याचा ताबा घेते. रोपे बुंध्याशी कोलमडतात तीही अशाच ओल्या मातीतल्या बुरशीमुळे.

म्हणून पेरणी पावसात करू नये, पावसाच्या आडोशाला करावी. खिडकीच्या छज्जाखाली किंवा व्हरांड्यात चहाच्या कागदी पेल्यांना तळाशी भोक पाडून त्यांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेले गांडूळखत निम्मे-निम्मे भरावे. दोडका, दुधी, कारले आणि काकडी यांना मुळे हललेली सोसत नाहीत, म्हणून प्रत्येक पेल्यात एकच बी लावावे आणि बीजदलांनंतरची खरी दोन पाने फुटताच पेला फाडून मुळांभोवतीच्या गोळ्यासह रोप कुंडीत बसवावे. कारल्याचे कवच जाड असते, त्यामुळे ते बी रात्रभर पाण्यात भिजवून मग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे आणि मोड दिसल्यावरच पेरावे. भेंडी आणि गवार थेट कुंडीत टाकली तरी चालतात, फक्त पहिले आठ दिवस कुंडीवर झाकण येईल अशी सोय करावी. बी किती खोल पुरावे याचा सोपा ठोकताळा असा, की बियाच्या जाडीच्या दोन ते तीन पट माती त्याच्यावर असावी. मिरचीचे बी दोन इंच खोल गेले तर वर येण्यापूर्वीच त्याची शिदोरी संपते.

कुंडीच्या तळाच्या भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवावा आणि कुंडी जमिनीवर टेकवण्याऐवजी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे भोक बुजत नाही. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा कोकोपीट, या मिश्रणात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. बियाला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी, चोळायचा असेल तर किलोला चार ग्रॅम हे प्रमाण असते. घरच्या चमचाभर बियांना चिमूट पुरे. शेणखत कच्चे असेल तर मात्र सगळी मेहनत वाया जाते, कारण त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे जळतात आणि हुमणीसारख्या अळ्याही त्यातून येतात. हाताने चुरगळल्यावर मातीसारखा वास आला, तर खत कुजले आहे असे समजावे.

वेळेविषयी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. मिरची आणि वांगी मृगावर पेरण्याची पिके नाहीत, ती मृगावर *लावण्याची* आहेत. त्यांची रोपे लावण्याजोगी व्हायला पाच-सहा आठवडे लागतात, म्हणजे बी वैशाखातच टाकायला हवे होते. या वर्षी ती वेळ टळली असल्यामुळे रोपवाटिकेतून तयार रोपे आणावीत. झेंडूचे गणित याच्या उलट आहे. पहिल्या पावसावर पेरलेला झेंडू गणपतीच्या सुमारास फुलून दसऱ्यापर्यंत थकतो. पंचांगात दसऱ्याची तारीख पाहावी आणि तिथून साधारण नव्वद दिवस मागे मोजून त्या सुमाराला बी टाकावे. चौथ्या आठवड्यात रोपे लावावीत, आणि शेंडा खुडणार असाल तर आठवडाभर आधीच पेरावे, कारण खुडल्याने फुले अधिक येतात पण उशिरा येतात. गौरीसाठी तेरडा हवा असेल तर मात्र आताच पेरायला हवा, कारण तो दीड-दोन महिन्यांत फुलतो.

गेल्या दसऱ्याच्या हारातील वाळलेली फुले चुरून पेरणारे अनेक वाचक आहेत. त्यांतून रोपे उगवतात हे खरे, परंतु बाजारातील टपोरी फुले बहुधा संकरित वाणाची असतात आणि त्यांच्या बियांतून येणारी झाडे मूळ फुलासारखी निघत नाहीत. कुणाला एकेरी फुले येतात, कुणाला बुटकी. त्यात अपाय काही नाही, पण तोरणापुरती सारखी फुले हवी असतील तर नवे बी घ्यावे.

पाकीट घेताना त्यावरील उगवण क्षमतेचा टक्का, चाचणीची तारीख आणि मुदत वाचावी. बियाण्याची मुदत चाचणीच्या तारखेपासून साधारणतः नऊ महिने धरतात. प्रमाणित बियाण्याच्या कसोटीनुसार मिरचीची उगवण किमान ६० टक्के, भेंडीची ६५ टक्के आणि टोमॅटो-वांग्याची ७० टक्के अपेक्षित असते. याचा अर्थ असा की उत्तम मिरचीच्या दहा बियांपैकी सहाच उगवल्या, तर त्यात बियाचाही दोष नाही आणि आपलाही नाही.

प्रश्न : मागील वर्षी आमच्या वेलीवरचा एक दुधी बियाण्यासाठी राखला होता. या उन्हाळ्यात त्याच बियांना आलेले दुधी दिसायला छान आहेत, पण दोन दुधी जहर कडू निघाले. शिजवून, मीठ-साखर घालून खाल्ले तर चालतील का? बी पुढे वापरावे का?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, कृपा करून कडू दुधी कोणत्याही रूपात खाऊ नका. शिजवल्याने हे विष नाहीसे होत नाही, आणि साखरेने फक्त जिभेची फसवणूक होते. काकडी-भोपळ्याच्या कुळात कुकुरबिटासिन नावाची अतिशय कडू द्रव्ये असतात. किडी आणि जनावरांपासून वेलीचे रक्षण करणे हे त्यांचे काम. माणसाने हजारो वर्षे निवड करत करत खाण्याच्या वाणांतून ती जवळजवळ नाहीशी केली आहेत. ती पुन्हा उगवली, तर थोड्या रसानेही पोटात असह्य दुखणे, रक्ताच्या उलट्या, जुलाब आणि रक्तदाब एकदम उतरणे, असे परिणाम होतात. २०१० साली दिल्लीत दुधीचा कडू रस प्यायल्याने मृत्यू झाल्याचे प्रकरण गाजले, आणि त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी या विषयाचा अभ्यास करून लोकांना सावध केले. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखावा, कडू लागल्यास थुंकून तो दुधी टाकून द्यावा, आणि पिताना कडवटपणा जाणवला तर पुढचा घोट घेऊ नये. औषध कडूच असते, या आपल्याकडच्या समजुतीने येथे फार नुकसान केले आहे. कारल्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा असतो आणि त्याच्या उपयोगाची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तो दाखला दुधीला लावू नये.

कडूपणा आला कुठून, हे समजून घेण्यासारखे आहे. दुधीची नर आणि मादी फुले एकाच वेलीवर, पण वेगवेगळी असतात. ती संध्याकाळी उमलतात, आणि रात्रीचे पतंग तसेच इतर कीटक एका वेलीवरचे पराग दुसरीकडे नेतात. तंबोऱ्याचा भोपळा आणि कमंडलूचा कडू भोपळा हेही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दुधीच आहेत. आसपास अशी एखादी कडू वेल असेल तर तिचे पराग आपल्या दुधीच्या फुलावर आले असणार. त्या वर्षीचे फळ गोडच राहते, कारण गर हा आईच्या वेलीचा असतो. वडिलांचा गुण बियांत उतरतो आणि पुढच्या वर्षीच्या वेलीवर दिसतो. म्हणून आपण राखलेल्या दुधीने फसवले असे नाही, त्याला दोन्ही घरांचा वारसा मिळाला होता. कधी कधी पाण्याची ओढ आणि तीव्र उन्हामुळेही कडूपणा वाढतो, परंतु आपल्या वर्णनावरून संकराची शंका मला अधिक येते. ही सर्व वेल काढावी, आणि त्या बियाण्यातले उरलेले बी कुणालाही भेट देऊ नये.

यामुळे घरचे बी राखण्याचा छंद मात्र सोडू नका. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडे आणि अनेक गावठी भाज्यांचे बियाणे घरात जपून आणि वाटून जे काम उभे केले, त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली आणि महाराष्ट्र त्यांना बीजमाता म्हणून ओळखतो. वाल-घेवडा बहुतांशी आपल्याच परागांवर फळतो, म्हणून नवशिक्याने सुरुवात तिथून करावी. दुधीचे बी राखायचे असेल तर दुपारीच, त्या संध्याकाळी उमलतील अशा एका नर आणि एका मादी कळीची तोंडे दोऱ्याने हलकेच बांधावीत. मादी कळी ओळखायला सोपी, तिच्या मागे बोटाएवढा दुधी असतो. संध्याकाळी दोरा सोडून नर फुलाचा पराग मादी फुलाला लावावा, मादी फूल पुन्हा बांधावे आणि देठाला रंगीत चिंधी बांधून खूण करावी. ते फळ वेलीवरच पूर्ण वाळू द्यावे. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की तोडावे.

प्रश्न : पाकिटातील मक्याचे दाणे गुलाबी रंगाचे आहेत. थोडे पेरून उरलेले दाणे धुऊन कोंबड्यांना घातले तर चालतील का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. तो रंग शोभेचा नसून बियाला बुरशीनाशक, आणि काही वेळा कीटकनाशकही, चोळले असल्याची खूण आहे. धुतल्याने ते पूर्ण जात नाही. कोंबड्यांना, कबुतरांना किंवा चिमण्यांना ते दाणे घालू नयेत, भाजून लाह्याही करू नयेत. पेरताना हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत, आणि उरलेले दाणे मूळ पाकिटातच, कुलपात ठेवावेत. स्वयंपाकघरातील रिकामी बरणी त्यासाठी वापरू नये.

प्रश्न : आमच्याकडे दोन मांजरे आहेत. ती कुंडीतली पाने चावतात. घरात पीस लिली आहे, शिवाय भेट म्हणून आलेल्या मोठ्या लिलीच्या फुलांचा गुच्छ अधूनमधून असतो. काही धोका आहे का?
— एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : गुच्छातील मोठी लिली घरात आणूच नये. खऱ्या लिलीचे आणि डे लिलीचे पान, फूल, एवढेच नव्हे तर अंगावर सांडलेले पराग चाटणे किंवा फुलदाणीतले पाणी पिणेही मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकते. सुरुवातीला फक्त उलटी आणि सुस्ती दिसते, म्हणून शंका येताच, लक्षणांची वाट न पाहता, पशुवैद्यांकडे न्यावे. पीस लिली नावाने लिली असली तरी कुळाने अळूची नातलग आहे. ती चावल्याने मांजराच्या तोंडाची आग होते, लाळ गळते, परंतु मूत्रपिंडाचा धोका नसतो. कुत्रे असलेल्या घरांनी सायकसच्या बियांपासून सावध राहावे, त्या यकृताला मारक असतात.

मांजराला गवत चावण्याची ओढ असतेच. तिला रोखण्यापेक्षा पसरट कुंडीत मूठभर गहू दाट पेरावेत. धान्याच्या दुकानातले साधे गहू घ्यावेत, रंग लावलेले बियाणे नव्हे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतात आणि दहाव्या दिवशी मांजराची स्वतःची बाग तयार होते. दर पंधरा दिवसांनी नवी कुंडी पेरत राहावे.

प्रश्न : परसात वडीचा अळू आहे आणि शेजारी रंगीत पानांचा शोभेचा अळू. पावसाळ्यात दोन्हींचे कोंब एकत्र येतात. शोभेच्या अळूची भाजी झाली तर काय होते? आणि नातीने डिफेनबेकियाचे पान चावले होते तेव्हा ती तासभर रडत होती, ते नेमके कशामुळे?
— एक आजोबा, रत्नागिरी

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे कारण एकच आहे. अळू, शोभेचा अळू, डिफेनबेकिया, मनी प्लांट आणि सुरण, या सर्वांच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात. पान चावले की त्या जीभ आणि घशात रुततात. त्यामुळे आग होते, सूज येते, लाळ गळते आणि आवाज बसतो. डिफेनबेकियात हा त्रास अधिक तीव्र असतो. अशा वेळी तोंड ओल्या फडक्याने पुसून थंड पाण्याच्या चुळा द्याव्यात आणि थंड दूध किंवा पाणी घोट घोट पाजावे. येथे दूध विषाचा उतारा म्हणून नसून आग शमवण्यासाठी आहे. बहुतेक वेळा काही तासांत बरे वाटते. पण गिळता येत नसेल किंवा श्वास घेताना आवाज येत असेल, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. रांगत्या मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर डिफेनबेकिया ठेवू नये.

कोकणातल्या स्वयंपाकाला या सुयांचे ज्ञान पूर्वीपासून आहे. अळू चिरताना हाताला तेल लावणे, तो भरपूर शिजवणे, फदफद्यात चिंच किंवा आमसूल घालणे, शेवळांच्या रानभाजीत काकडे (काकड झाडाची फळे) घालणे, हे सारे त्या खाजेचे उपाय आहेत. परंतु ते खाण्याच्या वाणांना पुरतात. शोभेच्या अळूला पुरतीलच असे धरून चालू नये. आपण दोन्हींचे कंद आत्ताच, कोंब फुटण्यापूर्वी, वेगळे करावेत. वडीचा अळू परसात ठेवावा आणि रंगीत अळू कुंडीत, घराच्या दुसऱ्या बाजूला. भाजी खुडण्याचे काम घरात नव्या माणसाकडे आले की गोंधळ होतो, म्हणून ही वेगळी जागा महत्त्वाची.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत दोनदा कोथिंबीर आणि पालक पेरला. कोथिंबीर उगवलीच नाही, पालक विरळ आला. हिवाळ्यात कोणती पेरणी केव्हा करावी, हेही सांगावे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : उष्णता हेच कारण आहे. तापमान तीस अंशांच्या पुढे राहिले की धण्याची उगवण झपाट्याने घटते आणि उगवलेली कोथिंबीरही लवकर फुलावर जाते. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बियांचे फळ असते, म्हणून ते हलक्या हाताने चोळून दोन दले करावीत, बारा तास भिजवावीत आणि पेरावीत. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी निराश होऊन माती उकरणारे वाचक मला ठाऊक आहेत. आपला पालक वनस्पतिशास्त्राप्रमाणे बिटाच्या कुळातला असून त्याचे खडबडीत बी म्हणजे अनेक बियांचा गोळा असतो. त्यामुळे एका ठिकाणी तीन-चार रोपे येतात, ती विरळ करावी लागतात. उन्हाळ्यात पालेभाजी हवीच असेल तर मेथी घ्यावी. मुंबईच्या किनाऱ्यावर रेतीत दाट पेरून बोटभर वाढताच मुळांसकट उपटली जाणारी समुद्रमेथी ही साधी मेथीच असते, ती पसरट ट्रेमध्ये वाळूत दोन आठवड्यांत घरीही होते.

हिवाळी पेरणी हस्ताचा पाऊस ओसरल्यावर सुरू करावी. पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा आणि गाजर दिवाळीपर्यंत पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे पेरावे, म्हणजे सगळी भाजी एकदम काढायला येत नाही. मुळा-गाजराची रोपे करून लावू नयेत, मूळ दुभंगते. वाटाणा थंडी स्थिरावल्यावर, कार्तिकाच्या सुमारास लावावा. फुलांपैकी पिटुनियाचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्याला उजेड लागतो, म्हणून ते मातीवर नुसते भुरभुरावे, झाकू नये. डायंथस, फ्लॉक्स आणि ॲस्टर ऑक्टोबरात पेरावेत.

स्वीट पीची वेल लावणार असाल तर तिचे बी रात्रभर भिजवून पेरावे. हे बी वाळलेल्या वाटाण्यासारखे दिसते, शेंगही वाटाण्यासारखीच असते, परंतु ते विषारी आहे. त्याचे पाकीट स्वयंपाकघरात आणू नये, आणि एकाच जाळीवर वाटाणा आणि स्वीट पी चढवू नये. हिवाळ्यात वेलीवरून शेंग तोडून सोलून तिथेच खाण्यात मुलांना जो आनंद असतो, तो त्यांना निर्धास्तपणे घेता यावा, यासाठी वाटाण्याची जाळी निराळी असू द्या.